आधी जुनं धुवून बघा

शेठ पाण्याचा पेला पुढे सरकवायला लागले की समजायचं, आपलं काहीतरी चुकलं. ओरडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "आधी पाणी प्या," एवढंच म्हणायचे, आणि आपण पीत असताना इतक्या कनवाळू नजरेने बघत राहायचे की पेला अर्धा व्हायच्या आत आपली चूक आपल्यालाच उमगायला लागायची. मुलाखतीच्या दिवशी मी इतकं पाणी प्यायले की सातपूरहून घरी पोहोचेपर्यंत माझे हाल झाले.

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत, आतल्या एका गल्लीत त्यांचं वर्कशॉप होतं. द्राक्षबागेत औषध फवारायला ट्रॅक्टरच्या मागे ब्लोअर लावतात, त्याला बसणारी पितळी नोझलं ते बनवायचे. नोझल म्हणजे बोटाच्या पेराएवढी वस्तू. तिच्या बारीकशा छिद्रातून औषधाचं धुकं होऊन पानांवर बसतं. छिद्र तुंबलं की फवारा थांबतो, आणि ऐन ढगाळ हवेत फवारा थांबला की बागाईतदाराच्या तोंडचं पाणी पळतं. एका मोठ्या कारखान्याच्या टूलरूममधली नोकरी सोडून शेठनी हा उद्योग थाटला होता, आणि त्या छिद्राबद्दल ते तासन् तास बोलू शकत असत.

मी तेव्हा पुण्यातल्या एका जाहिरात एजन्सीला रामराम ठोकून नाशकात परतले होते. बाबा म्हणत होते बँकेच्या परीक्षा दे, आई म्हणत होती आता स्थळं बघू. या दोन्हींतून सुटायला मला एक नोकरी हवी होती, मग ती नोझलची का असेना. शेठना 'फेसबुक, व्हॉट्सॲप वगैरे बघणारं कुणीतरी' हवं होतं. मी लॅपटॉपवर झकास स्लाइड्स करून नेल्या. पहिल्या स्लाइडवर 'ब्रँड व्हिजन' असं लिहून मागे उगवता सूर्य टाकला होता.

"हा सूर्य कशाला?" शेठनी विचारलं.

"सर, उमेद, नवी सुरुवात..."

"सर म्हणू नका, मी कुणाला शिकवत नाही. आणि सकाळी सूर्य उगवतो हे शेतकऱ्याला आपण सांगायचं का? तो आपल्याआधी उठलेला असतो." मग त्यांनी पेला पुढे सरकवला. "ताई, एक सांगा. हे सगळं वाचून माणूस करणार काय?"

मी विचार केला. खरंच, काय करणार? मी म्हणाले, "माहीत नाही."

"सोमवारपासून या," शेठ म्हणाले. नंतर कळलं की माझ्याआधी आलेले सगळे उमेदवार या प्रश्नाला 'एंगेजमेंट' असं उत्तर देऊन गेले होते.

त्यांची केबिन हा एक वेगळाच प्रकार होता. नोझलची चाचणी घ्यायचं यंत्र त्यांनी केबिनमध्येच बसवून घेतलं होतं, अगदी स्वतःच्या खुर्चीमागे. का, तर मालकाच्या पाठीवर पाणी उडालं की चूक लगेच कळते. त्यामुळे खोलीत दिवसभर भुरभुर चालायची. शेठच्या चष्म्यावर कायम दव असायचं, आणि दाराशी खुंटीला पाहुण्यांसाठी एक मोठी काळी छत्री टांगलेली असायची. कर्जाची चौकशी करायला आलेले बँकेचे अधिकारी छत्रीखाली बसून गंभीरपणे प्रश्न विचारताना मी पाहिलेत. बैठका मात्र झटपट संपायच्या, हे मान्य करायला हवं.

कामावर गेल्यावर पहिलं फर्मान निघालं ते शुभेच्छा बंद करण्याचं. माझ्याआधी हे काम एका गृहस्थांकडे होतं. त्यांनी प्रत्येक सणाला, प्रत्येक दिनाला शेठचा हात जोडलेला फोटो कोपऱ्यात टाकून शुभेच्छा पाठवायचा सपाटा लावला होता. "डाऊनी रोगाच्या धास्तीने द्राक्षवाल्याच्या डोळ्याला डोळा नाही," शेठ म्हणाले, "आणि आपण त्याला जागतिक छायाचित्र दिनाच्या शुभेच्छा देतोय. मी त्याच्या जागी असतो तर दगड मारला असता."

दुसरं फर्मान विशेषणांचं. मी एका पत्रकात 'दर्जेदार व विश्वासार्ह' असं लिहिलं, तेव्हा शेठनी मला स्कूटरवर मागे बसवलं आणि सातपूरच्या गल्लीबोळांतून फिरवून आणलं. प्रत्येक कारखान्यापुढे थांबायचे आणि पाटी मोठ्याने वाचून दाखवायचे. सगळीकडे दर्जेदार. सगळीकडे विश्वासार्ह. एका पत्र्याच्या शेडवर, जिचा पत्राही धड जागेवर नव्हता, मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'गुणवत्ता हेच आमचे ध्येय'.

"गुणवत्ता हे ध्येय कसं असेल?" स्कूटर बंद करून शेठ रस्त्याच्या कडेला कळवळून बोलायला लागले. "ती असायलाच पाहिजे ना! उद्या कुणी घरावर पाटी लावेल, 'रोज आंघोळ हेच आमचे ध्येय'. तुम्ही जाल का त्या घरी जेवायला?" त्या शेडचा मालक बाहेर येऊन आमच्याकडे संशयाने बघायला लागला, तेव्हा कुठे आम्ही निघालो.

ध्येयाचं त्यांचं शास्त्र पक्कं होतं. वर्षाला ध्येय एकच असायचं. दोन झाली की ती इच्छा, आणि तीन झाली की ते भाषण. ते ध्येय खंडेनवमीला जाहीर व्हायचं. त्या दिवशी वर्कशॉपमध्ये लेथ, ड्रिल, ग्राइंडर धुऊनपुसून त्यांची पूजा होते, झेंडूच्या माळा चढतात, कुंकू लागतं. आरती झाली की शेठ लेथपुढे उभे राहून त्या यंत्रालाच सांगितल्यासारखं वर्षाचं ध्येय सांगायचे. मी पाहिलेल्या पहिल्या खंडेनवमीला ते म्हणाले, "यंदा आपलं ध्येय एकच. फवारणी चालू असताना आपलं नोझल तुंबलं म्हणून कुणाचा फोन येता कामा नये. ज्या आठवड्यात असा एकही फोन येणार नाही, त्या आठवड्यात पेढे."

आमचे फोरमन, ज्यांना सगळे मामा म्हणत, टाळ्या वाजवताना माझ्या कानाशी म्हणाले, "गेल्या साली बी अशेच पेढे कबूल केलते. अजून वाट बघतोय."

पण शेठच्या ध्येयात आणि इतरांच्या ध्येयात एक फरक होता. शेठ ते पाळायचे. त्या दिवसापासून ते फोनकडे टक लावून बसायला लागले. वाजला की चेहरा पडायचा. एकदा त्यांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा, दळण आणायला सांगणारा फोन आला. शेठ म्हणाले, "अगं, या फोनवर नको ना करूस. काळजाचा ठोका चुकतो." काकूंनी त्यावर जे उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही, पण शेठनी स्वतःच एक पेला पाणी पिऊन घेतलं.

काकूंचा विषय निघालाच आहे तर मुलीच्या लग्नाची गोष्ट सांगायलाच हवी. पत्रिकेचा मजकूर शेठनी लिहायला घेतला. 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' पहिल्या झटक्यात गेलं. उरलं ते असं: 'आमच्या मुलीचं लग्न आहे. मुलगा तिने निवडला, आम्हालाही आवडला. गाडी कार्यालयाच्या मागच्या बाजूला लावावी. लग्न वेळेवर लागेल, नेहमीसारखं समजू नये. जेवणात रस्सा तिखट आहे. आहेर आणल्यास परत न्यावा लागेल.'

काकू म्हणाल्या, "लोक हसतील."

"हसतील. पण गाडी कुठे लावू म्हणून विचारणार नाहीत."

शेवटी तह झाला. काकूंची पत्रिका गणपतीसकट, घराण्यातल्या सगळ्या हयात माणसांसकट आणि 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' यासकट छापली गेली, आणि शेठचा मजकूर आतमध्ये चिठ्ठी म्हणून टाकला. लग्नाच्या दिवशी येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात चिठ्ठीच होती. गाड्या मुकाट्याने मागे गेल्या. लग्न मात्र वेळेवर लागलं नाही, कारण नवरदेवाचे मित्र वरातीत नाचायचे थांबेनात. शेठ कार्यालयाच्या दारात पाण्याचा जग घेऊन उभे राहिले आणि एकेकाला बोलावून प्यायला लावलं. पाचदहा मिनिटांत वरात आत आली.

आता अक्का. शेठच्या थोरल्या बहिणीची वणीजवळ बाग होती, आणि आमच्याकडून बाहेर जाणारी प्रत्येक ओळ आधी अक्कांना फोनवर वाचून दाखवायची असा दंडक होता. अक्का त्या वेळी बहुधा बागेत असायच्या, मागे मजुरांचा गलका असायचा. मी वाचायचे, त्या ऐकायच्या, आणि माझं वाचून झालं की एकच शब्द यायचा.

"मंग?"

मी एकदा लिहिलं होतं, 'आमच्या नोझलने फुलवा समृद्धीचा मळा.' अक्का म्हणाल्या, "मंग?"

"म्हणजे अक्का, समृद्धी, भरभराट..."

"अगं बाई, ते कळालं. पन मी काय करू? आता हितं बायांचं जेवान व्हायचंय, त्यांना समृद्धी वाढू का?"

शेठ शेजारी बसून आनंदाने मान डोलवत असायचे. मला पहिले काही महिने अक्कांचा भयंकर राग यायचा. पुण्यात माझ्या ओळींचं कौतुक करणारी, इंग्रजी बोलणारी माणसं होती, आणि इथे वणीच्या एक बाई माझं लिखाण रोज मातीत घालत होत्या. पण हळूहळू मी लिहायला बसले की आधीच कानात तो 'मंग?' वाजायला लागला, आणि माझ्या ओळी आखूड व्हायला लागल्या.

त्या हंगामात फोन फार आले. नोझल तुंबलं, फवारा येत नाही, काय करू. शेठ प्रत्येकाला तेच सांगायचे, आणि सांगून सांगून त्यांचा घसा बसला. मी म्हणाले, याचा व्हिडिओच करू. चाचणीच्या यंत्रापुढे शेठना उभं केलं. संगीत घालायचं नाही अशी अट होती. आधार कार्डाचा फोटो काढायला बसल्यासारखे ते कॅमेऱ्याकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले:

"नोझल तुंबलं की नवीन आणायला धावू नका. आधी जुनं धुवून बघा. कोमट पाण्यात भिजवा. दात घासायच्या जुन्या ब्रशने घासा. तार घालू नका, सुई घालू नका, छिद्र मोठं होतं. आणि तोंडाने फुंकू नका. औषध विषारी असतं, आणि त्याच तोंडाने घरी जाऊन तुम्ही जेवणार असता."

अक्कांना पाठवला. बराच वेळ काही उत्तर आलं नाही. मग फोन आला. मी 'मंग?' ऐकायची तयारी ठेवली होती.

अक्का म्हणाल्या, "थांब जरा. पानी तापत ठिवलंय."

शेठ उठून उभे राहिले. मला वाटतं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण चष्म्यावर आधीच इतकं होतं की नक्की सांगता येत नाही. इतके महिने ते ज्याची वाट बघत होते ते घडलं होतं. ऐकून माणूस काहीतरी करायला लागला होता.

तो व्हिडिओ या गावाच्या गटातून त्या गावाच्या गटात गेला. माझ्या पुण्याच्या कुठल्याही जाहिरातीला असलं भाग्य लाभलं नव्हतं. फोन कमी व्हायला लागले. आणि एके दिवशी, हंगाम सरत असताना, शनिवार संपला तरी आठवडाभरात तक्रारीचा एकही फोन आला नव्हता. शेठनी पेढे मागवले. स्वतः प्रत्येक मशीनपाशी जाऊन वाटले.

मामांनी पेढा तोंडात टाकला, चघळला आणि म्हणाले, "शेठ, तक्रारीचा फोन नाय हे खरं. पन ऑर्डरचा बी नाय."

शेठ म्हणाले, "ते आपलं ध्येय नव्हतं."

सगळे हसले. मीही हसले. पण मामा हसले नाहीत, हे मला नंतर आठवलं.

पुढचा हंगाम तोंडावर आला तेव्हा डीलरसाहेब आले. आमचा निम्म्याहून जास्त माल त्यांच्या दुकानातून जायचा. पांढरा शर्ट, सोनेरी काडीचा चष्मा, दोन मोबाईल. त्यांना छत्री देण्यात आली. ती त्यांनी उघडलीसुद्धा, पण रागाच्या भरात हातवारे करताना ती दर वेळी बाजूला जायची आणि पाणी त्यांच्या शर्टावर यायचं.

"शेठ, धंदा करताय की समाजसेवा?" ते म्हणाले. "तुमचा गेल्या सालचा माल माझ्या गोडाऊनला पडून आहे. गिऱ्हाईक येतं, नोझल हातात घेतं, आणि म्हणतं, राहू द्या, घरी जाऊन ब्रशने घासून बघतो. ब्रशने! लोक माझ्या दुकानातून बाहेर पडून शेजारच्या किराणावाल्याकडून टूथब्रश घेतात!"

शेठनी पेला पुढे केला.

"पाणी नको. तो व्हिडिओ काढा. आणि दुसरा करा, की दर हंगामाला नोझल बदला. तुमच्याच तोंडून. नाहीतर मी दुसऱ्या कंपनीचा माल ठेवतो. बोलणं झालंय माझं त्यांच्याशी."

ते काही नुसती धमकी देत नव्हते. हंगामासाठी बनवलेल्या नोझलांच्या पेट्या मागच्या भिंतीला छतापर्यंत लागल्या होत्या. त्या गेल्या नाहीत तर वर्कशॉप चालणार नव्हतं, इतकं साधं ते होतं. मामा दाराशी येऊन उभे राहिले होते. "शेठ," ते हळूच म्हणाले, "पोरांच्या घरात बी चुली हायेत."

शेठनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "ताई, कॅमेरा लावा."

मला हायसं वाटलं, हे कबूल करते. बँकेच्या परीक्षा आणि स्थळं पुन्हा डोळ्यांपुढे नाचायला लागली होती.

शेठ उभे राहिले. डीलरसाहेब छत्रीखालून दिग्दर्शन करायला लागले. मी 'हं' म्हणाले. शेठ म्हणाले, "शेतकरी बंधूंनो, दर हंगामाला नोझल बदला," आणि एक श्वास घेऊन, "खराब झालं असेल तर."

"ते मागचं नको!" डीलरसाहेब ओरडले.

पुन्हा लावला. "दर हंगामाला नोझल बदला. खराब झालं असेल तर." पुन्हा. "दर हंगामाला नोझल बदला. म्हणजे, आधी बघा, आणि मग." शेठ मुद्दाम करत नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. त्यांना बिचाऱ्यांना घाम फुटला होता. वाक्य म्हणायला सुरुवात करायचे तेव्हा चेहऱ्यावर निर्धार असायचा, पण 'बदला' म्हटलं की त्याला आपोआप शेपूट फुटायचं. एकदा त्यांनी 'बदला' म्हणून तोंडावर हातच ठेवला. तो हात इतका संशयास्पद दिसत होता की डीलरसाहेबांनीच नको म्हटलं.

शेवटी शेठनी मला विचारलं, "ते मागचं कापता येतं का?"

"येतं."

"मग कापा."

मी कापलं. बोटाचं काम होतं. डीलरसाहेब खूश होऊन, उद्या पाठवा म्हणत, ओल्या शर्टाने गाडीत बसले. मी तो व्हिडिओ शेठना दाखवला. पडद्यावरचे शेठ खणखणीत आवाजात म्हणत होते, "शेतकरी बंधूंनो, दर हंगामाला नोझल बदला." खरं सांगायचं तर फार छान दिसत होतं.

शेठनी पुन्हा लावा म्हणून सांगितलं. पुन्हा पाहिलं. मग मला विचारलं, "हे बघून माणूस करणार काय?"

"नवीन नोझल घेणार," मी म्हणाले. या वेळी उत्तर तयार होतं.

"आणि जुनं?"

"जुनं फेकणार."

"जुनं कुणी बनवलंय?"

शेठनी स्वतःसाठी पाणी ओतलं आणि सगळं पिऊन टाकलं. मग म्हणाले, "मी बनवलेली चांगली वस्तू लोकांनी फेकावी म्हणून मीच लोकांना सांगायचं. ताई, हे मला जमणार नाही. पुसून टाका."

मला त्यांचा राग आला. अगदी मनापासून आला. माणसाने किती स्पष्ट विचार करावा याला काही मर्यादा असते, असं मला त्या क्षणी वाटलं. मी म्हणालेही, "शेठ, सगळेच असं सांगतात. पेस्टवाले सांगतात, ब्रश बदला. मोबाईलवाले सांगतात, मोबाईल बदला."

"सांगतात ना," शेठ म्हणाले, "म्हणून तर आपलं कुणीतरी ऐकतंय."

त्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की दिवाळीपर्यंतचे पगार होतील. "त्यापुढचं मला माहीत नाही, म्हणून सांगत नाही," असंही म्हणाले. व्हिडिओ राहिला. डीलरसाहेबांनी दुसऱ्या कंपनीचा माल भरला आणि आमचा शिल्लक माल एका टेम्पोत घालून परत पाठवला. त्या पेट्या ठेवायला जागा नव्हती, म्हणून केबिनमध्ये रचल्या. शेठ आता पेट्यांच्या आणि पाण्याच्या मध्ये बसायला लागले. त्या खंडेनवमीला लेथपुढे ते नुसते हात जोडून उभे राहिले, काहीच बोलले नाहीत. आम्ही प्रसाद घेऊन आपापल्या जागी गेलो.

छाटण्या झाल्या, फुटवे आले, फवारण्या सुरू झाल्या. थोडे फोन यायला लागले. 'ते नोझल धुवायचं दाखवणारे तुम्हीच का? दुकानात मिळत नाही तुमचं.' माझ्या जीवात जीव यायचा, आणि शेठ विचारायचे, "आधी जुनं धुवून बघितलं का?" निम्मे लोक "नाही" म्हणायचे आणि फोन ठेवून धुवायला जायचे. माझी चिडचिड व्हायची. उरलेले येऊन घेऊन जायचे. थोड्या पेट्या हलल्या. दिवाळी झाली. मामांनी मला गुपचूप सांगितलं की ते एकलहऱ्याला कुणाशीतरी नोकरीचं बोलून आलेत. मीही बँकेच्या परीक्षेचं पुस्तक आणलं होतं.

आणि मग ती दुपार आली. दोन दिवस आभाळ भरून आलं होतं. अवकाळी येणार म्हणून सगळा जिल्हा बागेत होता. फोन वाजला. शेठचे हात ओले होते, म्हणून मी फोन उचलून सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला. मागे ट्रॅक्टरची घरघर होती, आणि आवाज दबका होता. जवळ उभ्या असलेल्या माणसांना ऐकू जाऊ नये म्हणून काढावा तसा.

"शेठ, मी बोलतोय."

डीलरसाहेब होते. दुकानासोबत त्यांची स्वतःची बाग आहे, हे आम्हाला माहीत होतं.

"बोला."

"फवारा बिघडलाय. निम्मी बाग राहिलीय आणि ढग डोक्यावर आलेत. ते कोमट पाण्यात किती वेळ ठेवायचं असतं हो?"

"नोझल कुठलं आहे?"

"तुमचंच."

"नवीन?"

"नाही. जुनंच. आमच्या थोरलीच्या लग्नाच्या आधीचं."

वर्कशॉपमध्ये मामांची कानस थांबली. मी ओठ घट्ट मिटून घेतले. दर हंगामाला नोझल बदला म्हणून छत्रीखालून ओरडणाऱ्या माणसाने स्वतःच्या बागेत ते इतकी वर्षं बदललं नव्हतं. शेठच्या चेहऱ्यावर मात्र हसू नव्हतं. ते पुढे वाकून डॉक्टरसारखे विचारत होते.

"तार घातली का त्यात?"

"घातली."

"व्हिडिओत सांगितलंय ना, तार घालू नका."

"अहो, व्हिडिओ बघितला होता कुठे! नुसता काढा म्हटलं होतं."

"बरं. आता फवारा कसा पडतोय? धुकं पडतंय की धार?"

"धार."

शेठनी डोळे मिटले. "मग धुवून उपयोग नाही. छिद्र मोठं झालंय. पानांवर औषध बसणार नाही, नुसतं ओघळेल."

"दुकानात आहेत ती दुसऱ्या कंपनीची, पण त्यांचे आटे या ब्लोअरला बसत नाहीत," डीलरसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज आता फारच बारीक झाला होता. "शेठ, बाग जाईल माझी."

शेठनी मामांकडे बघून नुसती मान हलवली. मामांनी एक पेटी फोडली, मूठभर नोझलं पिशवीत घातली आणि मोटरसायकलकडे पळाले.

"मामा निघालेत. रस्त्यावर माणूस उभा करा."

"उपकार झाले. आणि शेठ, दुकानासाठी पण पेट्या..."

"दुकानाचं उद्या बोलू. आधी बाग."

"हो. हो. पण मामा येईपर्यंत हे जुनं जरा भिजवून बघू का? म्हणजे, तुम्हीच सांगता ना, आधी..."

"साहेब," शेठ म्हणाले, "नोझल बदला."

आणि एवढं बोलून ते थांबले. मी वाट बघितली. कॅमेऱ्यापुढे घाम फुटूनही जे त्यांना म्हणता आलं नव्हतं, ते सरळ, स्वच्छ निघालं होतं, आणि मागे त्यांनी काहीही जोडलं नाही.